हीट पंपाला पेंढ्याचा कोट

फुसाएवहिनींचं घर तापवणारा हीट पंप बुधवारी गार हवा सोडू लागला आणि गुरुवारी सकाळी त्यानं तेवढंही काम बंद केलं. भिंतीवरच्या लांबट पेटीत एक हिरवा दिवा नुसता मिचमिचत होता. बाहेर उणे तीन अंश होतं आणि अंगणात कमरेएवढं बर्फ साचलेलं.

शेजारचा तोकुजी बातमी कळताच आला, तेव्हा वहिनी तीन स्वेटर घालून कोतात्सूच्या रजईत कमरेपर्यंत शिरून बसल्या होत्या. त्या बुटक्या टेबलाखालची ऊब पायांपुरतीच. बोलताना त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती.

"चिहारुला सांगितलंत का?" तोकुजीनं विचारलं.

"सांगायला कशाला लागतंय! रोज सकाळी व्हिडिओ कॉल करते ना. माझ्या तोंडातली वाफ तिला तिकडे शहरात, साइतामात बसून दिसली."

"मग?"

"मग काय, भावजी. रविवारी गाडी घेऊन येतेय. रिकामी खोकीसुद्धा आणतेय म्हणाली."

खोकी कशाला, ते तोकुजीला ठाऊक होतं. मागच्या हिवाळ्यात रॉकेलच्या शेगडीवर वहिनींच्या रजईचा कोपरा जळाला होता. तेव्हा त्यांच्या लेकीनं, चिहारुनं, शेगडी उचलून नेली आणि अट घातली. भिंतीवरचा हीट पंप चालतोय तोवर आईनं गावात राहावं. तो बंद पडला की तिच्याकडे साइतामाला, सातव्या मजल्यावर यावं. वहिनींनी हो म्हटलं होतं, आणि दिलेला शब्द फिरवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"कंपनीला फोन केलात?"

"केला. अकरा वर्षांचं मशीन आहे, नवीनच घ्या म्हणे. बसवायला माणूस तीन आठवड्यांनी येईल."

"मग खालच्या आळीतल्या होशिनाच्या पोरीला बोलवा."

होशिनाची पोरगी, म्हणजे मिसुझु, छपन्न वर्षांची होती. वडिलांचं विजेच्या वस्तूंचं दुकान ती वीस वर्षं एकटी चालवत होती. पण तोकुजीनं तिला शाळेच्या दप्तरासह पाहिलेलं, त्यामुळे ती पोरगीच.

दहाच्या सुमाराला तिची छोटी व्हॅन दारात उभी राहिली. आत आल्यावर तिनं अवजारांची पेटी उघडली नाही. वहिनींनी दिलेला चहा दोन्ही हातांत धरून ती हिरव्या दिव्याकडे पाहत बसली आणि एकेक विचारत गेली. किती दिवस झाले? आवाज यायचा का? कसला?

"टक टक टक," वहिनी म्हणाल्या. "बाहेरून. सुतारपक्षी बसलाय की काय असं वाटायचं."

"छान ऐकलंत, काकू. आता पंपाची घराबाहेरची पेटी बघू."

"ती बघ तू निवांत," तोकुजी म्हणाला. "तिची काळजी नाही. या वर्षी मी स्वतः तिला कोट घातलाय."

आणि तो खरोखरच कोट होता. तोकुजीनं पन्नास वर्षं गावातली झाडं बर्फापासून राखली होती. नोव्हेंबर लागला की पाइनच्या फांद्या दोऱ्यांनी तोलून धरायच्या, खिडक्यांवर फळ्या चढवायच्या, कोवळ्या झाडांना पेंढ्याच्या चटया गुंडाळायच्या. त्याची गाठ एप्रिलच्या आधी सुटलेली कुणी पाहिली नव्हती. मागच्या वर्षी छपरावरून घसरलेल्या बर्फानं बाहेरच्या पेटीचा पत्रा चेपला, म्हणून या वर्षी त्यानं तिच्याभोवती फळ्यांचा सांगाडा उभारला, वर उतरतं छप्पर केलं आणि चारी बाजूंनी जाड चटई आवळली. बिचारी रात्रंदिवस थंडीत उभी असते, तिलाही गारठा लागत असेल, असं त्याच्या मनात आलं होतं. त्याच्या स्वतःच्या घरात लाकडाची चूल. हे यंत्र त्याच्याकडे कधी नव्हतंच.

मिसुझु त्या कोटासमोर बराच वेळ उभी राहिली. चटईवरून तिनं हात फिरवला.

"काका, अशी गाठ आता कुणाला येत नाही हो."

"येणार कशी? सगळे प्लास्टिकच्या पट्ट्या आवळतात."

तिनं आधी आतला पंप पुन्हा चालू करायला सांगितला. यंत्र कण्हल्यासारखं करून पाच-सात मिनिटं कसंबसं चाललं, टक टक करत. तेवढ्यात तिनं चटईच्या फटीतून एक थर्मामीटर आत सरकवला. यंत्र थांबल्यावर तो काढून तोकुजीपुढे धरला.

"जरा वाचता का? माझ्या चष्म्यावर वाफ आलीय."

तोकुजीनं डोळे बारीक केले. "उणे तेरा."

"आणि तुमच्या ओसरीवरचा काय म्हणत होता?"

"उणे तीन." त्यानं पुन्हा वाचलं. "हे बिघडलंय तुझं."

"असेल," ती म्हणाली.

मग तिनं मुख्य स्विच बंद केला आणि कोट सोडवायला घेतला. तोकुजीनं मदतीला विळा पुढे केला. तिनं तो नाकारला. हातमोजे काढून लाल झालेल्या बोटांनी ती एकेक गाठ सोडवत गेली. बावीस गाठी होत्या. सुटलेली प्रत्येक दोरी तिनं गुंडाळून बाजूला ठेवली. एवढ्या वर्षांत आपलं काम इतक्या आदरानं उतरवताना तोकुजीनं कुणाला पाहिलं नव्हतं. घरमालकसुद्धा वसंतात कात्री घेऊनच येत.

चटई उतरली आणि दोघांनाही दिसलं. पेटीच्या आत तळापासून बर्फ चढत गेलं होतं, दगडासारखं टणक. पंख्याची पाती त्यावर आपटून आपटून थांबली होती.

"हातोडी आणू? उकळतं पाणी आणू?"

"दोन्ही नको. हातोडीनं पातं फुटेल, उकळत्यानं तडा जाईल. कोमट आणा. बाळाला आंघोळ घालण्याइतकं."

तोकुजीनं किटल्या वाहिल्या. सात, आठ, नऊ. मिसुझु गुडघ्यावर बसून बारीक धार सोडत होती, वितळलेलं पाणी फडक्यानं टिपत होती, पुन्हा धार. घाई नाही, चिडचिड नाही. वहिनी खिडकीतून म्हणाल्या, "अगं, नातवंडालासुद्धा कुणी एवढं जपत नाही!" शेवटी पंखा मोकळा झाला. तिनं प्रत्येक पात्यावरून बोट फिरवलं. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राच्या पोटाला टेकवलं, दांडा स्वतःच्या कानाला लावला आणि वहिनींना स्विच टाकायला सांगितला.

डोळे मिटून ती ऐकत राहिली.

"काळीज शाबूत आहे," ती म्हणाली.

पंखा गरगरत होता. तिनं तोकुजीला जवळ बोलावलं. "पेटीच्या मागं हात धरा. आता पुढं धरा. कुठली हवा जास्त गार?"

"पुढची. बरीच गार आहे गं. पण हे तर घर तापवणारं यंत्र ना?"

"काका, भातकापणी झाली की लहानपणी तुम्ही शेतात सांडलेल्या लोंब्या वेचायला जायचा?"

"जायचो की. आई पोतडी देऊन पाठवायची."

"हे यंत्र तेच करतं. एवढ्या गारठ्यातसुद्धा हवेत थोडी ऊब सांडलेली असते. मागून हवा ओढायची, तिच्यातली ऊब वेचून घरात पाठवायची, आणि वेचून झालेली हवा पुढून बाहेर टाकायची. म्हणून ती जास्त गार."

"अस्सं." तोकुजी हातावर पडणाऱ्या हवेकडे पाहत राहिला. "मग दर वेळी नवी हवा, नवं शेत."

"हो."

"आणि वेचून झालेली हवा जर…" तो थांबला. त्यानं गुंडाळून ठेवलेल्या चटईकडे पाहिलं. चारी बाजूंनी आवळलेली, वाऱ्याला शिरकाव नाही अशी, त्याची सर्वांत चांगली चटई. "जर तीच हवा फिरून फिरून मागं आली, तर ते एकाच वाफ्यात परत परत वेचत बसणार. काहीच मिळायचं नाही. म्हणून उणे तेरा, आणि म्हणूनच आतलं पाणी गोठत गेलं."

मिसुझुनं मान हलवली. उत्तर त्याचं त्यालाच सापडावं म्हणून ती सकाळपासून थांबली होती.

"म्हणजे मीच याचा गळा दाबला," तोकुजी म्हणाला.

"छप्पर मात्र राहू द्या," ती म्हणाली. "छपरावरचं बर्फ यावर कोसळलं असतं तर मी आज काही करू शकले नसते. असं छप्पर मला बांधता येत नाही."

ते आत आले तेव्हा खोलीत चांगलीच ऊब आली होती आणि वहिनींनी एक स्वेटर काढला होता. इतक्यात फोन वाजला. चिहारु जेवणाच्या सुट्टीत होती.

"झालं बघ सुरू!" वहिनी म्हणाल्या.

"आई, तू कालही ठीक आहे म्हणाली होतीस. होशिनाताई आहेत का तिथं? त्यांना दे." आणि मग, "ताई, खरं सांगा. आणखी किती दिवस टिकेल?"

"वय झालंय, हमी देणार नाही," मिसुझु म्हणाली. "पण म्हातारपणामुळे बंद पडलं नव्हतं. कारण दुसरं होतं. ते आता काढलंय."

"दुसरं म्हणजे काय?"

मिसुझुनं तोकुजीकडे पाहिलं नाही. "हवेची वाट अडली होती."

"कशानं? परत अडणार नाही कशावरून?"

तोकुजीनं हात पुढे करून फोन घेतला. हात ओला होता, पाण्यानं की घामानं कोण जाणे.

"चिहारु, मी तोकुजीकाका. मी अडवली. त्याला थंडी वाजेल म्हणून चटई गुंडाळली, चारी बाजूंनी. चूक माझी. यंत्राची नाही, तुझ्या आईचीही नाही."



"काका, आईला ठेवून घ्यायला तुम्ही खोटं तर बोलत नाही ना?"

"पोरी, खोटंच बोलायचं असतं तर माझी अब्रू वाचेल असं बोललो असतो."

ती खळखळून हसली, आणि हसता हसता तिचा आवाज ओला झाला. "रविवारी येतेच आहे. खोकी आणत नाही. पण रात्री तिथं झोपून बघणार, घर गरम राहतं का ते."

"बघ की. आणि रोज सकाळी मी त्या पेटीभोवतीचं बर्फ काढणार. पुढचंही, मागचंही."

वहिनी तोंड फिरवून मुळ्याचं लोणचं कापू लागल्या. सुरी जरा जास्तच जोरात चालत होती.

"बसा दोघं. भात गरम आहे."

मिसुझु बसली. तोकुजी मात्र दारातच उभा, बूट चढवत.

"काय झालं, काका?"

"या वर्षी…" त्यानं दुसरा बूट चढवला. "या वर्षी आणखी पाच घरांत असे कोट घातलेत मी. फुकट. लोकांनी कौतुकानं फोटोसुद्धा काढले."

मिसुझुनं उचललेल्या चॉपस्टिक्स खाली ठेवल्या आणि जाकिटाची चेन लावली.

"विळा राहू द्या घरी," ती म्हणाली. "गाठी सोडवूया."