खाणीतल्या दिव्याचं उत्तर

मित्रांनो, मी एक जुना पितळी दिवा आहे. शोभेचा नव्हे, खाणीतला. अंधारात वाट दाखवणं हे माझं काम होतंच, पण माझी खरी नेमणूक वेगळ्याच कामासाठी होती. मी हवेची परीक्षा घेत असे.

माझ्या पोटात तेल, मधोमध वात, भोवती जाड काच आणि वर तारेच्या बारीक जाळीची टोपी. जाळी ज्योतीची उष्णता शोषून घेई, त्यामुळे आतली आग बाहेरच्या वायूपर्यंत पोहोचत नसे. छताशी पेट घेणारा वायू साठला, की माझ्या ज्योतीवर निळसर टोपडं चढे. जमिनीलगत दूषित हवा साचली, की ज्योत आधी मंद होई, मग विझे. या दूषित हवेला वास नसतो, रंग नसतो. ती पाण्यासारखी सखल जागी उतरते आणि बसलेल्या माणसाला हळूच झोप आणते.

म्हणून आमच्या खाणीत एक रीत होती. थकलेला माणूस कधी एकदम खाली बसत नसे. तो आधी दिवा जमिनीवर ठेवी. दिवा जळत राहिला, तरच बसे.

मी ज्याच्या हाती होतो, तो छताला लाकडी टेकू लावण्याचं काम करी. सगळे त्याला टेकूदादा म्हणत. इतर लोक मला नुसते खाली ठेवत. टेकूदादा मात्र उकिडवा बसून मला विचारी, "काय म्हणतोस रे?" मी जळत राही. तेच माझं उत्तर.

दिवाखोलीत प्रत्येक दिव्याचा एक खिळा होता. खाली जाताना माणूस दिवा घेई आणि खिळ्यावर आपला पितळी बिल्ला अडकवी. वर आला, की दिवा परत जागेवर आणि बिल्ला त्याच्या खिशात. कोण अजून खाली आहे, हे भिंतीकडे पाहिलं की कळे.

एके दिवशी टेकूदादाने मला बोगद्याच्या उतारावर टेकवलं आणि मी विझलो. "झालं. उठा सगळे, चला वर," तो म्हणाला. पण त्याचा जोडीदार आणखी खाली गेला होता. टेकूदादाने मला दुसऱ्याच्या हातात दिलं. "विझलेला दिवा मला काय कामाचा? तू घेऊन जा. मी त्याला उठवून आलोच." तो भिंत चाचपडत अंधारात उतरला.

मी वर आलो. माझ्या खिळ्यावर त्याचा बिल्ला होता. तो काढायला कोणी आलं नाही, म्हणून मलाही कोणी तिथे टांगलं नाही. मी खाली फरशीवरच राहिलो. पुढे खाण बंद पडली, माणसं गेली. रिकाम्या दिवाखोलीत मला तोच प्रश्न ऐकू येई. काय म्हणतोस रे? मी विझलेला होतो. काय म्हणणार?

बऱ्याच वर्षांनी डोंगर बघायला गाड्या येऊ लागल्या. दिवाखोलीचं दुकान झालं. दुकानदाराने मला घासूनपुसून लख्ख केलं. तेलाची टाकी काढली, आत सेल बसवले आणि वातीच्या जागी एक छोटा पिवळा बल्ब लावला. येणारेजाणारे म्हणत, "किती सुंदर!" इतकं कौतुक मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

एका सकाळी तीन मित्रमैत्रिणी आले. एक गाडी चालवणारी, तिला बाकीचे ड्रायव्हरीणबाई म्हणत. एक गुबगुबीत आणि सतत बडबडणारा, तो ढब्बू. आणि तिसरी चष्मी, जिचे आजोबा दुसऱ्या कुठल्यातरी खाणीत कामाला होते. तिने मला हातात घेतलं आणि कितीतरी वेळ खाली ठेवलंच नाही.

"घे बाई एकदाचा," ढब्बू म्हणाला. "नाहीतर दुकानासकट न्यावा लागेल."

मला मांडीवर घेऊन ती गाडीत बसली. रस्ता डोंगराला वळसे घालत चढत होता. एका बाजूला खोल दरी, तिच्यात ढग. मधेच एखादं ओसाड गाव लागे. एकसारख्या घरांच्या रांगा, दारं सताड उघडी, आत गवत. माणसांना खाणीत उतरवणारा पाळणा ओढायचं लोखंडी चाक आकाशात तसंच उभं. चष्मी काच खाली करून बघत राहिली. ढब्बूसुद्धा.

शेवटच्या वळणावर, डोंगराच्या पलीकडच्या कुशीत, आमच्याच खाणीच्या मागच्या बोगद्याचं तोंड दिसलं. आडव्या फळ्यांपैकी दोन निखळल्या होत्या. फळ्यांमागचे टेकू मी ओळखले. त्यांच्या खाचा टेकूदादाच्या कुऱ्हाडीच्या होत्या.

"पाचच मिनिटं," ढब्बू म्हणाला. "आपल्याकडे तर अस्सल खाणीतला दिवा आहे!"

ते आत शिरले. पाणी ठिबकत होतं. उतार लागला. माझा बल्ब मजेत चमकत होता. मला ओरडायचं होतं, पण ओरडायची माझी एकच रीत होती आणि ती माझ्याकडून काढून घेतली होती.

"दमलो बुवा," म्हणत ढब्बू बसायला वाकला.

"थांब!" चष्मी म्हणाली. "आजोबा घरातसुद्धा आधी कंदील खाली ठेवायचे." तिने हसत मला जमिनीवर ठेवलं, उकिडवी बसली आणि विचारलं, "काय म्हणतोस रे?"

मित्रांनो, तोच प्रश्न. तीच जागा. आणि मी जळत राहिलो.

"जळतोय की," ढब्बू म्हणाला आणि खाली बसला. त्याने एक विनोद सुरू केला, तो अर्ध्यात सोडला, जांभई दिली. "तुम्ही जा पुढे... मी जरा पडतो."

चष्मी माझ्याकडे बघत होती. तिच्या कपाळावर आठी आली.

"हा हलत नाहीये," ती म्हणाली.

"कोण?" ड्रायव्हरीणबाईने विचारलं.

"उजेड. ज्योत हलते गं, तिला हवा लागते. हा सेलवर जळतोय. याला काय कळणार? ऊठ, ढब्बू! ऊठ!"

ढब्बू उठेना. दोघींनी काखेत हात घालून त्याला उभं केलं आणि चढावरून ओढत नेलं. मी तिथेच राहिलो असतो, पण चष्मीने मागे वळून मला उचललं. बाहेर ढब्बू गवतावर ओकला, डोकं धरून रडला आणि बऱ्याच वेळाने पुटपुटला, "विनोद कुठवर आला होता?" दोघी हसल्या नाहीत. त्यांनी आधी निखळलेल्या फळ्या जागेवर अडकवल्या आणि वर दगड रचले.

आता मी चष्मीच्या घरी असतो. तिने बल्ब काढून टाकला, नवी टाकी बसवून घेतली, वात घातली. माझं पितळ पुन्हा काळवंडलं आहे.

मित्रांनो, बंद खाणीत कधी पाऊल टाकू नका. आणि आम्हा जुन्या वस्तूंना जपायचं असेल, तर नुसतं चकचकीत करून मांडू नका. जी वस्तू सावध करण्यासाठी घडवली आहे, तिला सावध करण्याची ताकद राहू द्या.

संध्याकाळी चष्मी माझी काच पुसते, वात पेटवते आणि मला जमिनीवर ठेवते. ती आत निघून जाते. मग खोलीत कोणी नसताना, अगदी जवळून, कोणीतरी उकिडवं बसल्यासारखं वाटतं. माझी ज्योत जराशी हलते.

मी जळत राहतो. बस, टेकूदादा. इथली हवा चांगली आहे.