मांडवातली उलटी तार

गुरुलिंगआप्पांना कमी ऐकू यायचं, तरी माजलगावात अर्ज टाईप करायचा तर आप्पांकडंच. समोरचा बोलायचा आणि यांची बोटं चालायची. कानातलं मशीन तेवढ्याला पुरायचं. पण सत्त्याण्णव साली त्यांनी हौसेनं कॉम्प्युटर घेतला आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. त्याच्या पंख्याची घूंऽऽ कानातल्या मशीनमध्ये अशी घुसायची की समोरच्याचा शब्द कळेना. पंखा बंद केला तर कॉम्प्युटरच तापून बंद पडे.

मग लोकांना ओरडावं लागे. आता घरातलं रडगाणं भर बाजारात कोण ओरडून सांगणार हो? भिवराबाईला लेकानं घराबाहेर काढलं होतं, त्याचा अर्ज द्यायचा होता. आप्पांनी तिसऱ्यांदा "काय म्हणलात?" विचारलं, तशी बाहेर चहा पिणारी माणसं वळून बघायला लागली. ती पदर सावरून निघून गेली. त्या दिवशी आप्पांना जेवण गेलं नाही. असंच चाललं तर दुकानाला कुलूपच लागणार होतं.

हे कळल्यावर लाउडस्पीकरवाला परमेश्वर आला. याच पठ्ठ्यानं आप्पांच्या पुतणीच्या लग्नात एका स्पीकरची तार उलटी जोडली होती. दोन स्पीकरांनी एकमेकांचा आवाज खाल्ला आणि मधल्या रांगेत मंगलाष्टकं पार दबली. आप्पा नेमके मधल्या रांगेत. त्यांना वाटलं, आपले कान पुरते गेले. खरं कळल्यावर त्यांनी परमेश्वरला चारचौघांत झाड झाड झाडलं होतं.

"आप्पा, तीच चूक आता मुद्दाम करतो," परमेश्वर म्हणाला.

पंख्याची घूं पकडायला त्याच्याजवळ माइक, तीच घूं उलटी सोडायला आप्पांच्या खुर्चीमागं छोटा स्पीकर, त्याची तार उलटी. आधी घूं दुप्पटच झाली.

"लई शाना हायस," आप्पा पुटपुटले.

परमेश्वर गुमान स्पीकर बोट बोट सरकवत राहिला, बटण फिरवत राहिला. दुपारी एका जागी घूं विरली, नुसती हवेची सळसळ उरली. खुर्ची तिथून हलू नये म्हणून त्यानं तिच्या पायांभोवती खडूनं खुणा केल्या.

आप्पा स्वतः जाऊन भिवराबाईला घेऊन आले. ती हळू आवाजात सगळं बोलली. आप्पांनी एकदाही "काय?" म्हटलं नाही. अंगठा उमटवताना ती म्हणाली, "लेकीपाशी बोलल्यावानी वाटलं बगा."

आप्पा तडक परमेश्वरच्या दुकानी गेले आणि तिथल्या गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "मांडवात तुला चारचौघांत बोललो, आज चारचौघांतच सांगतो. तुझे लई उपकार हायत माझ्यावर."

परमेश्वर लाजून काहीतरी म्हणाला. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर खडखडत होते, आप्पांना एक शब्द कळला नाही.

"हे माझ्या दुकानात येऊन सांग," आप्पा म्हणाले. "खुर्चीसमोर बसून. मला ऐकायचंय."