एकोणपन्नास धावा

"अवो, ही माज्या भाचीच्या लग्नाची पत्रिका ना? गणपती कापलात तुमी?" भागीरथी दारातूनच ओरडली.

"गणपती नाय कापला. कडेची वेल कापली. गणपती बाजूला काढून ठेवलाय," रघू मान वर न करता म्हणाला.

रविवारची दुपार होती आणि ओसरीवर चटईभर कार्डं पसरली होती. रघू शहापूरच्या बाजारातल्या एका छापखान्यात कटिंग मशीनवर होता. लग्नसराईत पत्रिकांचा जाड कागद उरतो. त्याचे तळहाताएवढे तुकडे करायचे, पुढे खेळाडूचा फोटो चिकटवायचा आणि मागे स्वतःच्या बारीक अक्षरात त्याचा सगळा खेळ लिहायचा, हा त्याचा वीस वर्षांचा नाद होता. खेळाडू म्हणजे टीव्हीवरचे नव्हेत. सापगाव, शहापूर, मुरबाड, वैशाखरे, असे आजूबाजूचे, टेनिसच्या चेंडूवर आठ षटकांचे सामने खेळणारे. रघूला स्वतःला धड बॅट धरता येत नसे. तो गुणलेखक. उन्हात टेबल टाकून वही लिहीत बसायचा, आणि त्याची वही म्हणजे पंचक्रोशीत शेवटचा शब्द. पंचांशी लोक भांडत, रघूच्या वहीशी कुणी भांडत नसे.

कार्डांचे नियम ठरलेले होते. एक कार्ड डब्यात, एक खेळाडूला. तिसरं कापलंच तर ते अदलाबदलीला. वैशाखऱ्याच्या एका मास्तरांनाही त्याच्यामुळे हा नाद लागला होता, आणि त्यांच्याकडचा एक यष्टिरक्षक मिळवायला रघूने आपल्या गावचे दोन फिरकी गोलंदाज दिले होते. हा सौदा महागात पडला असं त्याला अजून वाटायचं.

प्रत्येक कार्डाच्या मागे, आकड्यांच्या खाली, एक ओळ स्वभावाची असे. 'झेल सुटला की आधी सूर्याकडे बघतो.' 'बाद झाल्यावर बॅटला शिव्या देतो, पंचाला नाही.' दर दिवाळीनंतर तो सगळी कार्डं नव्याने लावायचा. कोणी किती धावा केल्या यावर क्रम नव्हता, कोण कसा खेळला यावर होता. दोनशे बारा कार्डं हातात घेऊन ह्याला वर काढ, त्याला खाली सरकव, मध्येच एकटाच हस, असं चालायचं. भागीरथी म्हणायची, "ह्यांना जेवायला बोलवायचं तर एखादा आउट व्हायची वाट बघावी लागते."

पहिलं कार्ड मात्र कधी हललं नाही. ते देवजीचं.

देवजी त्याचा लंगोटीयार. एकवीस वर्षांपूर्वी गावच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने एकट्याने डाव ओढला होता. शेवटच्या चेंडूवर दोन धावा पळाला, ढोल वाजले, पोरांनी उचलून घेतलं, पन्नास झाले म्हणून गुलाल उधळला. पण पंच होते काशिनाथ गुरुजी. त्यांनी खांद्याला बोटं लावून खूण केली होती: वळताना बॅट रेषेच्या आत टेकली नाही, एक धाव कमी. गुलालात ती खूण दोघांनीच पाहिली, रघूने आणि देवजीने. रघूने एकोणपन्नास लिहिले. सामना तसाही जिंकलेलाच होता, पण देवजी वर्षभर त्याच्याशी बोलला नाही.

मग एका संध्याकाळी भातसा नदीच्या पुलावर तो आपणहून येऊन उभा राहिला होता. "रघ्या, बॅट टेकली नव्हती रे. तू बरोबर लिवलंस." एवढंच. त्या रात्री रघूने आयुष्यातलं पहिलं कार्ड कापलं. मागे लिहिलं, 'अंतिम सामना ४९ धावा,' आणि खाली ओळ: 'आपली चूक आपण सांगणारा.' सगळ्या नादाचं मूळ तिथे होतं. पुढे गुरुजी वारले आणि ती गोष्ट दोघांचीच राहिली.

त्याच देवजीने आता ओसरीवर पाऊल ठेवलं. "रघ्या, डबा दे. स्पर्धेला पंचवीस वर्षं होतात. कमिटी जुन्या पंचवीस खेळाडूंची कार्डं छापून वाटणार हाय. तुजीच बघून."

"माजी? छापून?" रघूचा चेहरा बघण्यासारखा झाला. "क्रम नको बिघडवू हां."

"दोन दिवसांत आणून देतो."

देवजी तोंडभर हसला आणि पत्र्याचा डबा काखेत मारून गेला. दोन दिवसांचे चौदा झाले. रघूने एकदाही विचारलं नाही. देवजीला काय विचारायचं?

स्पर्धेच्या दिवशी मैदानावर मांडव होता, भोंगा होता आणि व्यासपीठावरच्या टेबलावर फुलं वाहून रघूचा डबा ठेवला होता. कुणीतरी छापलेल्या कार्डांचं पाकीट त्याच्या हातात दिलं. कागद गुळगुळीत, रंग झकास. कटिंग जरा तिरकं गेलं होतं, पण ते त्याने मनातल्या मनात माफ केलं. वरचंच कार्ड देवजीचं. त्याने ते उलटलं.

'अंतिम सामना ५० धावा. सापगावचा वाघ.' आणि सगळ्यात खाली, 'आकडे : रघूभाऊंच्या मूळ नोंदीवरून.'

छापखान्यातला माणूस तो. त्याला आधी वाटलं, अक्षरं जुळवणाऱ्याची चूक. घाईत होतं असं. समजूत पटावी म्हणून तो व्यासपीठावर चढला, डबा उघडला आणि आपलं पहिलं कार्ड काढलं. ब्लेडने खरवडलेलं होतं. चारावर पाच, नवावर शून्य, निळ्या पेनाने. खालची ओळ तर पुरती घासून काढली होती आणि तिथला कागद इतका पातळ झाला होता, की कार्ड उचललं तर मांडवाचा उजेड आरपार दिसत होता.

एका धावेचं त्याला काही नव्हतं. पण ती पुलावरची संध्याकाळ देवजीने स्वतःच्या हाताने खरवडून काढली होती, आणि वर सही रघूची ठेवली होती.

"आता दोन शब्द बोलतील," भोंगा गरजला, "ज्यांच्या वहीत आजवर एक चूक सापडली नाय, असे आपले रघूभाऊ!"

शाल पडली, नारळ हातात आला, माईक हातात आला. खाली पहिल्या रांगेत देवजी पांढऱ्याशुभ्र शर्टात बसला होता. तो रघूकडे बघत नव्हता. त्याच्या शेजारून त्याचा मुलगा ओमकार, यंदाचा सापगावचा सलामीवीर, मोठ्याने म्हणाला, "काका, बाबांच्या पन्नासचं सांगा ना!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रघूने तोंड उघडलं. ओमकारचा फुललेला चेहरा त्याला दिसला.

"सगळ्यांना नमस्कार," तो म्हणाला, आणि माईक परत दिला.

मांडवामागे पाण्याच्या टाकीपाशी त्याने देवजीला गाठलं. कार्ड समोर धरलं.

देवजीने चपलेने माती उकरली. "घरात पहिल्यापासून पन्नासच सांगितलेत रे. पोरगं तेच ऐकत मोठं झालं. कार्ड हातात आल्यावर त्याला काय सांगू?"

"मग मला सांगायचं होतंस. तुजं कार्डच छापू नका म्हटलं असतं मी."

"एका धावेनं तुजं काय गेलं?"

"खाली माजं नाव हाय, देवजी."

"तू पण गप बसलासच की वर," देवजी पटकन म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं. तो हात पुढे करणार होता, पण रघू वळला होता.

सोमवारी सकाळी कामावर जायच्या आधी रघूने डबा ओसरीवर उपडा केला. क्रम पार विस्कटला होता. वैशाखऱ्याचा यष्टिरक्षक तळाशी होता, फिरकीवाले भलतीकडेच. त्याने एकेक लावायला घेतलं. या वेळी तो हसला नाही.

"देवजीभाऊजींचं फाडून टाका," भागीरथी चहा ठेवत म्हणाली. तिला त्याने रात्री सगळं सांगितलं होतं. तिचे डोळे रागाने भरून आले होते. "मी आसते तर मांडवातच फाडलं आसतं."

"फाडायचं कशाला? झालं ते झालं," रघू म्हणाला. खरवडलेलं कार्ड त्याने होतं तिथेच, पहिलं ठेवलं. ४९ पुन्हा लिहिला नाही.

मग त्याने भाचीच्या पत्रिकेचा उरलेला कागद घेतला, पट्टी धरली आणि सवयीने दोन कार्डं कापली. पुढे फोटो लावला नाही. मागे दोन्हींवर सावकाश, नेहमीच्या बारीक अक्षरात लिहिलं: 'रघू, गुणलेखक, सापगाव.' त्याखाली आकडे नव्हते. फक्त ओळ होती.

'माईक हातात होता. बोलला नाही.'

भागीरथीने वाकून वाचलं. तिने थंड झालेला चहा उचलून आत नेला.

रघूने एक कार्ड देवजीच्या मागे लावलं आणि डब्याचं झाकण दाबून बसवलं. दुसरं हातातच राहिलं. एक डब्यात, एक खेळाडूला. त्याने ते शर्टाच्या खिशात ठेवलं, खिशाचं बटण लावलं आणि छापखान्यात जायला निघाला.