संध्याकाळी सहाचा आकडा

मला चिमीच्या आईचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. आम्ही दोघी मेंदूच्या वॉर्डात भेटलो. माझा ढब्बू आणि तिची चिमी, दोघंही सहा वर्षांची, दोघांनाही फिट्स. मेंदूच्या फोटोतही दोघांचा दोष एकच: जिथे मोठ्या घड्या हव्यात तिथे बारीक बारीक चुण्या. मी शिवणकाम करते, त्यामुळे मला ते लगेच दिसलं. रोज संध्याकाळी सहाला फोन करून एकमेकींना दिवसभरातल्या फिट्सचा आकडा सांगायचा, हा आमचा नेमच झाला होता.

मग दोन्ही मुलांची जनुकांची तपासणी झाली. चिमीचं कारण सापडलं. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दोघींनाही समजावलं, "पेशीच्या भिंतीत सोडियम आत घेणारी बारीक दारं असतात. हिची दारं नीट मिटत नाहीत. पोटात असतानाच ती जास्त उघडी राहिली, म्हणून घड्या चुकल्या. घड्या आता बदलणार नाहीत, पण दारं आवरणारं औषध आहे."

ढब्बूच्या रिपोर्टात काहीच निघालं नाही. "पुढे कधीतरी कळेलही," बाई म्हणाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सारख्याच चुण्या, सारख्याच फिट्स, आणि औषध तेवढं तिच्या लेकीला?

औषध सुरू झाल्यावर दहाव्या दिवशी ती फोनवर म्हणाली, "आज एकही नाही गं!"

"दारात कोणीतरी आलंय," म्हणून मी फोन ठेवला. कोणी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आज दोन आल्या." माझा जीव भांड्यात पडला. सांगायला लाज वाटते, पण पडला. पुढे रोज एक-दोन असायच्याच, आणि मी तिला तोंडभरून धीर द्यायचे.

तीन महिन्यांनी चिमीचा फ्रॉक शिवून झाला, तो द्यायला न कळवताच गेले. चिमी खुर्चीवर उभी राहून भिंतीला चित्रं चिकटवत होती. पूर्वी फिट येऊन पडेल म्हणून आई तिला जमिनीवरच बसवायची. शेजारी फिट्सचं कॅलेंडर लटकत होतं. मी पानं उलटली. लाल ठिपके औषधाच्या नवव्या दिवशीच थांबले होते. त्यानंतर सगळं कोरं.

चिमीची आई पाणी घेऊन आली आणि तिथेच थबकली.

"मला वेड्यात काढत होतीस?" मी तडकले.

"खरं सांगितलं त्या दिवशी तू फोन ठेवलास," ती म्हणाली. "दोन आल्या म्हटलं, तर तासभर गोड बोललीस. मग काय करू? मला तुझा फोन हवा होता गं."

मी फ्रॉक टेबलावर ठेवला आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी सहाला मीच फोन लावला. "ढब्बूला चार. चिमीला? खरं सांग."

"एकही नाही."

माझ्या पोटात दुखलंच.

"मग आता शाळेत घालणार तिला?" मी विचारलं, आणि ती सांगत होती तोवर फोन कानाला धरून ठेवला.