आठाचा सहा

चिंधूजी कापगते स्क्रूड्रायव्हरचं टोक सायकलच्या मागच्या चाकाच्या हबवर टेकवून, त्याची लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावून, डोळे मिटून बसले होते. दुसऱ्या हाताने पायडल हळूहळू फिरवत होते. सिंधुताई चहा घेऊन आल्या, जरा वेळ उभ्या राहिल्या आणि कप तेलाच्या डब्यावर ठेवून आत गेल्या. समाधी लागलेल्या नवऱ्याला हाक मारू नये हे त्यांना ठाऊक होतं. शिवाय मारली असती तरी ऐकू गेली नसती. कारखान्यात एकतीस वर्षं हातोडा मारून चिंधूजींचे कान त्यांच्या बऱ्याच आधी रिटायर झाले होते.

हाडातून मात्र ऐकू येई. तीन गिअरचं इंग्लिश हब पहिल्या गिअरला मुकं असतं. दुसऱ्या-तिसऱ्याला आत टिकटिक सुरू होते, पेटीत ठेवून विसरलेल्या घड्याळासारखी. ती ऐकताना चिंधूजींना वाटायचं, आपण भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या घराच्या मागच्या अंगणात नाहीच. दोन्ही बाजूंना धानाचे बांध आहेत, रस्ता दुधासारखा पांढरा आहे आणि कोणीतरी आपल्याला घेऊन कुठेतरी निघालं आहे. कुठे, ते कळायच्या आत पायडल थांबायचं आणि चहावर साय आलेली असायची.

जुन्या इंग्लिश सायकली ओळखण्यात त्यांचा हात धरणारा दुर्ग ते कुम्हारी कोणी नव्हता. धरायला कोणी पुढे आलंही नव्हतं, हा भाग वेगळा. लुधियानाची सायकल विलायती कपडे घालून आली की ते तिला नुसतं वरपासून खालपर्यंत बघत, आणि आणणारा आपणच वरमून जाई.

ही सायकल मात्र अस्सल होती. चेनव्हीलच्या जाळीत विलायती कंपनीची खूण असलेला बगळा उभा होता. वैशाली नगरच्या उन्नती रामटेकेने ती छोट्या टेम्पोतून आणली होती आणि उतरवता उतरवता इतिहास सांगितला होता. तिच्या आजीचे वडील छप्पन साली दीक्षेला भंडाऱ्याजवळच्या खेड्यातून नागपूरला गेले, ते याच सायकलवर. सहा वर्षांची आजी समोरच्या दांड्यावर. आता ही सायकल विहारात ठेवायची होती. पाटीही रंगवून तयार होती, दीक्षेची सायकल, १९५६.

“अंकल, दसऱ्याच्या आधी पाहिजे. आजीने सब को बोल के रखा है.”

चिंधूजींनी गंज उतरवला, आरे ताणले, हबच्या टोपीतून तेलाचे थेंब सोडले. मग रॉकेलच्या फडक्याने हब पुसलं आणि थांबले. इंग्लंडात हब जन्मतं तेव्हाच त्याच्या अंगावर वर्ष आणि महिना ठोकतात. इथे ५८ होतं. शेजारी ३.

चाक मागाहून बदललं असेल, अशी आशा त्यांनी एक अख्खी दुपार बाळगली. पण फ्रेमचा हिरवा रंग, रिमचा हिरवा रंग आणि दोन्हींवरची सोनेरी रेघ, सगळं एकाच आईचं होतं. सायकल छप्पन साली नागपूरला जाणं शक्य नव्हतं. ती जन्मलीच नव्हती.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, कोण बघतंय. पण चिंधूजींची सगळी नोकरीच आकड्यांची होती. पोलादाच्या ठोकळ्यावर पंच धरायचा, हातोडा मारायचा, आणि ज्या भट्टीचं पोलाद तिचाच आकडा उमटवायचा. एकदा झोपेच्या गुंगीत त्यांनी सहाचा पंच उलटा धरला आणि ठोकळ्यावर नऊ उमटला. घरी येऊन जेवायला बसल्यावर लक्षात आलं. अर्धी पोळी ताटात ठेवून ते सायकलने परत कारखान्यात गेले होते. सिंधुताई भांडणात ती पोळी अजून काढतात.

उन्नतीच्या आजीला, पंच्याहत्तरीच्या कमलाबाईंना, आता हे सांगायचं कसं? चिंधूजींनी बराच विचार केला आणि नेमक्या आकड्यावर ग्रीसचा जाड थर लावून ठेवला. उरलेली सायकल आरशासारखी चमकत होती.

दसऱ्याला चार दिवस राहिले असताना कमलाबाई स्वतःच आल्या. ऑटोतून उतरल्या, उन्नतीला सिंधुताईंजवळ आत बसवलं आणि अंगणात आल्या. सायकलभोवती एक फेरी मारली. मग खाली बसून पदराने ग्रीस पुसलं.

“अठ्ठावनच हाये ना, भाऊ?” त्या मोठ्याने म्हणाल्या. “मले मालूम हाये. लपवून कावून राहिले?”

चिंधूजींना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. या वयात ती सोय होती. पण कमलाबाई स्टुलावर बसल्या आणि तशाच मोठ्या आवाजात सगळं सांगत गेल्या.

बाबा पायीच गेले होते. दोन दिवस चालत, मुलगी खांद्यावर. पायात घालायला नव्या चपला होत्या, पण झिजतील म्हणून त्या सगळा रस्ता हातात धरलेल्या. नागपूर दिसायला लागल्यावर घातल्या. सायकल मागाहून आली, बाबा भिलाईला मजुरीला आल्यावर. कारखान्याच्या बांधकामावर आलेला कोणी साहेब भिलाई सोडताना ती त्यांना विकून गेला.

“पायी गेलो म्हनलं का घरचे पोट्टे उठून पयत,” कमलाबाई म्हणाल्या. “एक डाव सायकल म्हनून पाह्यलं. बसले आयकत. मंग सायकलच राह्यली.”

हे त्या अशा सांगत होत्या, जणू भाजीत मीठ जास्त पडलं होतं. मग जरा पुढे वाकल्या.

“तुमी आकडे मारत होते म्हने. आठाचा सहा होते का?”

होत होता. आठ कानशीने घासायचा, सहा मारायचा, वरून मिठाचं पाणी लावायचं. तीन दिवसांत सत्तर वर्षांचा गंज चढतो. चिंधूजी उठले, आतून पंचांची पेटी आणली. सहाचा पंच निवडला, दोनदा उलटासुलटा करून पाहिला. हबवर टेकवला. हातोडा उचलला.

पंच धरलेल्या बोटांना हबचा गारवा लागत होता, आणि चिंधूजींना तो पांढरा रस्ता दिसायला लागला. या वेळी त्यावर सायकल नव्हती. एक माणूस चालत होता. त्याच्या खांद्यावर एक पोर पेंगत होती आणि हातात चपला होत्या.

त्यांनी हातोडा खाली ठेवला.

“बाई, मी हा सहा मारला त तुमच्या बाबाचं चालनं पुसल्या जाते.”

कमलाबाईंनी ग्रीस लागलेल्या पदराने हबवर उरलेला थरही पुसून काढला. नंतर उन्नतीला हाक मारून ऑटो बोलवायला सांगितलं.

दसऱ्याला चिंधूजी सकाळीच सायकल घेऊन वैशाली नगरला पोहोचले. मनातून वाटत होतं, बाईंनी आपल्याला बोलावलं ते बोलणी ऐकवायला. आपल्याला ती ऐकू येणार नाहीत, एवढाच आधार होता. दारात उन्नती पाटी घेऊन उभी होती. पाटी नव्याने रंगवली होती: ‘आमच्या घरची सायकल. १९५८. त्याआधी पायी.’

“रात को सब को बिठा के बताया,” उन्नती त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाली. “दोन तास. कोणी उठलंच नाही, अंकल.”

विहार तिथून दीड किलोमीटर होतं. टेम्पो सांगितलेला होता. कमलाबाई पांढऱ्या लुगड्यात बाहेर आल्या, टेम्पोवाल्याला परत पाठवलं आणि चिंधूजींना हँडल धरायला सांगितलं. मग वाकून पायातल्या नव्या चपला काढल्या आणि त्या हँडलला अडकवल्या. उन्नतीने आजीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, आणि तीही चालायला लागली.

सायकल चालत होती. टिकटिक हँडलमधून चिंधूजींच्या तळहातांत येत होती आणि त्यांना वाटत होतं, रस्ता पांढरा होत चालला आहे.

विहाराच्या कोपऱ्यावर कमलाबाई थांबल्या. हँडलवरच्या चपला काढून घेतल्या, पाय झटकले आणि घातल्या. ताठ दहा पावलं चालल्या. मग पायरी आली, तिथे पुन्हा काढून नीट शेजारी शेजारी ठेवल्या.