कागदावरची रेघ

सूनबाई कारखाना झाडत होती. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची एक खोली, एक भट्टी, दोन कढया आणि मी. झाडता झाडता तिनं विचारलं, "बाबा, हा कागद कुठल्या कामाचा?"

"कुठला?"

"भट्टीमागं पडलाय. चाचणीचा."

"खाणीच्या पंख्याच्या कामाचा. टाकून दे."

केरसुणीचा आवाज थांबला. "पण याच्यावर काळी रेघ आहे. चांगली पेन्सिलीनं ओढल्यासारखी."

माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

यंत्राच्या बेअरिंगमध्ये आतून पांढऱ्या धातूचा थर ओततात, त्यावर दांडा फिरतो. हा धातू दोन जातींचा. एक कथलाचा, दुसरा शिशाचा, आणि दिसायला दोघे जुळे भाऊ. कथलाचा महाग आणि खंबीर, जड दांडा वेगात फिरला तरी पेलतो. शिशाचा सावकाश चालणाऱ्या यंत्राला पुरतो. वेग वाढला की तो तापतो, मऊ पडतो आणि शेवटी वितळून वाहून जातो. ओळखायची रीत सोपी. कागदावर घासायचा. शिशाच्या धातूची काळी रेघ उठते, कथलाच्या धातूची जवळजवळ नाहीच.

जुनी बेअरिंगं वितळवून मी वड्या पाडतो, हाताला येईल त्या भांड्यात, लहानमोठ्या. त्यामुळं नुसती हातात घेऊन वजनावरून कळत नाही. सूनबाई केव्हाची मागं लागली होती, वड्यांवर रंगानं खुणा करू. मी म्हणायचो, हे काय औषधाचं दुकान आहे चिठ्ठ्या चिकटवायला? तीस वर्षांत माझा धातू कधी चुकला नव्हता, आणि हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचो.

चार दिवसांपूर्वी त्या पंख्याचं बेअरिंग ओतायला मी वडी कागदावर घासली. कागद कोरा दिसला. कोरा म्हणजे कथील. ओतून मोकळा झालो. हल्ली मला सगळेच कागद कोरे दिसतात, एवढी साधी गोष्ट त्या वेळी मी मनावर घेतली नाही. डॉक्टर दोन वर्षं सांगत होते, मोतीबिंदू काढून घ्या. मला डोळ्याला सुरी लावून घ्यायची भीती वाटायची. घरी सांगितलं होतं, चष्म्याचा नंबर थोडा वाढलाय.

"बाबा, पंखा आज पूर्ण वेगानं चालवणार होते ना?" सूनबाईनं केरसुणी खाली टाकली. "हे सकाळीच खाली गेलेत."

हे म्हणजे माझा मुलगा. खाणीत सुरुंग लावायच्या टोळीचा मुकादम. त्या खाणीत वरून हवा ओढणारा एकच मोठा पंखा. दुसरा होता तो खोलून ठेवलेला. पंखा बंद पडला तर खाली गॅस साठतो, आणि तिथं एक ठिणगी पुरते. आज पहिल्या पाळीची एकशे चाळीस माणसं खाली होती.

"स्कूटर काढ," मी म्हणालो.

वाटेत मी तिच्या मागं बसून थापा जुळवत होतो. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? धातू देणाऱ्यानं फसवलं म्हणू का? कढई बदलली म्हणू का? पोटचा पोर जमिनीखाली आणि हा म्हातारा स्वतःचं नाक वाचवायच्या वाटा शोधतोय. माझी मलाच शिसारी आली, तरी डोकं काही थांबेना.

पंखाघरात शिरलो तर इंजिनिअर खुशीत. "या मास्तर! तुमचीच आठवण काढत होतो. हात लावून बघा, दांडा कसा लोण्यासारखा फिरतोय."

तोच तर घोटाळा होता. बोटांनी करायचं ते सगळं काम मी अव्वल केलं होतं. थर चिकटलेला, घासून बसवलेला, तेलाची वाट बरोबर. हाताला चूक सापडलीच नसती.

"माणसं वर काढा," मी म्हणालो. "पंखा सावकाश चालवा, आधी सगळी माणसं वर काढा आणि मग बंद करा. धातू चुकलाय. शिशाचा आहे."

तो हसला. "तुमचा धातू? मास्तर, तुम्ही चुकलात तर आम्ही शेती करायला जाऊ. काटा बघा, पंचावन्नावर आहे. तासाभरात एवढं तापायचंच."

"तासाभरानं पंचावन्नावर नसेल."

"पोरगा खाली गेला की बापाचा जीव वरखाली होतो, मला कळतं. बसा, चहा मागवतो."

त्याच्या तोंडात द्यावीशी वाटली. तीस वर्षं मी गावाला पढवलं की मास्तर चुकत नाहीत, आणि आज माझा पढवलेला पोपट माझ्याशीच बोलत होता. मी हात जोडले. आयुष्यात कुणापुढं जोडले नव्हते. "साहेब, मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. सूनबाई, तो कागद दे. यावर रेघ आहे?"

"आहे की. चांगली जाड आहे."

"मला हा कोरा दिसतो."

तो घुटमळला. मग त्याच्यातला नोकर जागा झाला. "मास्तर, अख्खी पाळी वर काढायची म्हणजे मला वर उत्तर द्यावं लागेल. नुसत्या शब्दावर कसं काढू? लिहून द्या."

"लिहितो! आण!"

सूनबाई पुढं झाली. "मी लिहिते, ते सही करतील."

"त्यांनीच लिहायला हवं."

मी पेन धरला. 'हे बेअरिंग मी ओतले आहे. धातू चुकीचा आहे. मला दिसत नाही.' असं लिहायचं होतं. कपाळाचा घाम डोळ्यांत उतरत होता, आणि पंख्याच्या घरघरीतून मला खालची एकशे चाळीस माणसं श्वास घेताना ऐकू येत होती. लिहून झाल्यावर मी कागद त्याच्याकडं सरकवला. त्यानं तो उचलला आणि परत खाली ठेवला.

"झालं ना?" मी ओरडलो. "आता काय हवंय?"

"बाबा," सूनबाई हळूच म्हणाली, "पहिल्या ओळीनंतर सगळं टेबलावर लिहिलंत."

खुर्ची मागं पडल्याचा आवाज आला. पुढच्या क्षणी भोंगा वाजला.

मग वाट बघणं आलं. खाणीत माणसं वर-खाली नेतो तो पाळणा एका वेळी वीस जणांना आणतो. मी भिंतीलगतच्या बाकावर बसलो. इंजिनिअर काटा वाचत होता. पंखा मंद केला तरी काटा बासष्टावर गेला, मग एकोणसत्तर. प्रत्येक खेपेला दारातून बुटांचा आवाज यायचा, आणि मी विचारायचो, "आला?" सूनबाई म्हणायची, "अजून नाही." तिसऱ्या खेपेनंतर तिनं नुसता माझा दंड घट्ट धरून ठेवला. इंजिनिअर म्हणाला, "शहात्तर." देवाला कबूल केलं की दोन्ही डोळे घे, उरलंसुरलं दिसतं तेही घे.

सहाव्या खेपेला तो आला. आवाजावरून कळलं, कारण तो तावातावानं भांडतच आत शिरला.

"साहेब, हा काय पोरखेळ आहे? सुरुंगाची भोकं पाडून झालेली, दारू भरायची तेवढी राहिलेली. पंखा तर चालूय!"

"बेअरिंग तापलंय."

"बेअरिंग? ते बाबांनी ओतलंय. तुमचा काटा बिघडला असेल. बाबांच्या कामावर बोट ठेवणारा आहे तरी कोण? त्याला पुढं आणा."

मी तोंड उघडलं, पण त्याआधी सूनबाईच बोलली. "अहो, चूक माझी आहे. वड्या मी उचलून दिल्या. माझ्याकडून अदलाबदल झाली."

अर्धा क्षण, खरं सांगतो, अर्धा क्षण मी ते घेतलं. किती सोपं होतं! तिनं सगळं पदरात घेतलं असतं, मी मास्तर राहिलो असतो आणि घरी जाऊन तिच्यावर रागावण्याचं नाटकही केलं असतं.

"ती खोटं बोलतेय," मी म्हणालो. "वडी मीच निवडली. मला दिसत नाही रे. तू आत आलास ते मला आवाजावरून कळलं."

तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मातीचा नि घामाचा वास आला, चेहरा दिसला नाही. वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

तो खाली बसला, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "बाबा, या दोन वर्षांत आणखी कुठली कुठली बेअरिंगं ओतलीत?"

इंजिनिअरनं नवा कागद काढल्याचं ऐकू आलं. मी आठवू लागलो. सगळ्यात आधी आठवलं ते पाळणा ओढणाऱ्या यंत्राचं, आणि शेवटची खेप अजून खाली होती.