वाढीव माप

दुसरा फॉर्म

"आप्पा, सही परत चौकटीच्या भायेर गेली."

लेकीचं ऐकून भावकूने हात मागे घेतला. त्याची उजवी तर्जनी अर्धीच होती. उरलेली फाउंड्रीत, करवतीखाली गेली होती. तेव्हापासून पेन हातात थरथरायचं.

"राहू दे की. वळखू येतीया."

"न्हाय. अजून एक आणते," ऋतिका म्हणाली.

तिसरा फॉर्म

कॉलेजच्या काउंटरमागे भिंतभर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. खाली वेळापत्रक: पहाटे साडेपाच ते रात्री नऊ, रविवारी टेस्ट.

"अशीच मुलं हवीत आम्हाला," सर म्हणाले. "दहावीला अठ्ठ्याण्णव टक्के म्हणजे..."

"दोन गेले," ऋतिका म्हणाली.

एक अक्षर चुकलं की ती अख्खं पान फाडायची. मार्चपासून कंगव्यात तिच्या केसांचे पुंजके येत होते. ते भावकू गुपचूप टाकून द्यायचा. तिसरा फॉर्म त्याने सही न करताच खिशात घातला.

"अजून एक कॉलेज बघू. मग तू म्हणशील तिथं."

रस्ता

टिळकवाडीतून जाताना त्याला वाटलं, स्कूटर जागीच उभी आहे. झाडं, बंगले, फाटकंच मागे वाहत चाललीत. मागच्या सीटला वजनच नव्हतं. त्याने आरशात पाहिलं. होती.

"लोखंड ओतायच्या साच्यासाठी लाकडाचा पॅटर्न करतो न्हवं मी, तो मापापरास जरा मोठा ठेवतो. लोखंड थंड होताना आकसतंय. बरोबर मापाचा केला तर भाग बारीक येतोय."

"म्हंजे मुद्दाम चुकवायचं?"

"व्हय. तीस वर्षं त्याचाच पगार घेतोय."

ती हसली नाही. पण थोड्या वेळाने तिचं कपाळ त्याच्या पाठीवर टेकलं. स्कूटर जड झाली आणि पुन्हा रस्त्याला लागली.

इथला फॉर्म

"पहिली टेस्ट आठव्या दिवशी," या कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या. "रडवते. पण चार वाजता लॅबला कुलूप. कुणी कितीही विनवलं तरी."

बाहेर पायरीवर एक मुलगी बूट काढून बसली होती. उन्हात पाय सोडून.

"ती काय करायलीया?" ऋतिकाने हळूच विचारलं.

"बसलीया."

ऋतिका बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच फॉर्म मागून घेतला, सावकाश भरला आणि पेन त्याच्यापुढे धरलं.

भावकूने श्वास रोखून सही केली. तरी शेपूट चौकट ओलांडून खाली गेलंच.

टेबलावर कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा होता. पंख्याने त्याचे कोपरे उचलले जात होते. ऋतिकाने गठ्ठ्याकडे पाहिलं. मग फॉर्म ओठांजवळ नेला आणि ओल्या शाईवर हलकेच फुंकर घातली.